निळ्या कोटांची पलटण

३ ऑगस्ट
हाताला व्यायाम द्यायला येते त्या, हाताच्या बाईनं बजावलं, रोज चार ओळी लिहायच्या. काय लिहू म्हटलं, तर म्हणाली, दिवसभरात जे झालं ते लिहा, बोटांना वळण लागलं पाहिजे. दिवसभरात काही झालं नाही. लिहिलं.

४ ऑगस्ट
अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं येतंय. चौथीतही असंच यायचं, त्यामुळे सगळा दोष अर्धांगाच्या झटक्याला देता येत नाही. चौथीनंतर पाटी सुटली आणि सुई हातात आली. जन्मभर शिंप्याच्या दुकानात काजं केली. लोकांच्या अंगावर कोट बसले, माझ्या वाट्याला त्यांची भोकं. आता सुईत दोरा ओवता येत नाही. उजवा हात सांगितलेलं करतो, पण नव्या सुनेसारखं, तोंड वाकडं करून.

लेकीचा फोन आला. "आई, आता इकडेच ये राहायला."
"येऊन काय करू?"
"काही करू नकोस. आराम कर."
काही न करायला माझं स्वतःचं घर आहे की. त्यासाठी जावयाच्या घरी कशाला जाऊ?

९ ऑगस्ट
हाताची बाई म्हणते, काहीतरी बारीक काम धरा. बटणं उचला, मणी ओवा. मी म्हटलं, मणी ओवायला मी काय पाच वर्षांची आहे? तर म्हणाली, "हात पाच वर्षांचाच झालाय तुमचा." मुलगी बोलायला बरी आहे.

उतरताना खालचा घड्याळवाला जिन्यात भेटला. तळमजल्यावर त्याचं दुकान होतं, गेल्या वर्षी बंद केलं. कंटाळा आला म्हणे. जन्मभर लोकांची घड्याळं उघडली आणि कंटाळा सत्तरीनंतर आला! मी पायरीवर टेकले होते. तो गच्चीवरून कठड्याला धरून खाली येत होता, मला धडकायचाच बाकी होता. "कोण?" म्हणाला. मी म्हटलं, "जिन्याची मालकीण. बाजूनं जा." तेव्हा हसला. "वहिनी, तुम्ही होय!" आमचे हे होते तेव्हापासून तो मला वहिनी म्हणतो. हे गेल्यावरही म्हणतो, दुसरं काय म्हणणार.

हाताचं रडगाणं सांगितलं तर म्हणाला, "माझ्याकडे एक अख्खं सैन्य कोरं पडलंय. रंगवता का?"

११ ऑगस्ट
गेले बघायला. दुकानाच्या मागच्या खोलीत पलंगापेक्षा मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या, शेवाळाची झाडं, एक पूल. कपाटात बोटाच्या पेराएवढे शिपाई. दर रविवारी एक बस-चालक आणि एक कारकून येतात आणि हे तीन बाप्ये सैन्यं मांडून लढतात. बायकामुलं असलेले बाप्ये!

"म्हातारपणी बाहुल्या खेळता?" मी म्हटलं.
"बाहुल्या नाहीत वहिनी, पायदळ आहे."
"बाहुलीला बंदूक दिली की पायदळ होतं होय?"

त्यानं मला एक खोकं दिलं. राखाडी शिपाई, भालेवाले, घोडेस्वार, दोन तोफा, एक ढोलवाला. सगळ्यांना निळे कोट करायचे. सगळे रंगले की ते सैन्य माझं, आणि मग त्याच्या तांबड्या सैन्याशी माझा डाव. मी म्हटलं, चार रंगवते, बाकीचे कोरेच उभे करू. तर जीभ चावली त्यानं. कोरा शिपाई टेबलावर उभा करायचा नाही, असा नियम आहे.
"कुणी केला?"
"मीच."

खोलीत बत्ती नव्हती. भर दुपारी अंधारात बसतो. कंजूष. चहा मात्र दिला. ओतताना कपात बोट बुडवून. मी त्याच्या तोंडावर म्हटलं, "बोट धुतलंय ना?"

१२ ऑगस्ट
पहिला शिपाई रंगवला. हत्तीनं सारवल्यासारखा दिसतोय.

२० ऑगस्ट
शिकते आहे. आधी अस्तर मारायचं, म्हणजे पुढचा रंग धरतो. कोटाचं अस्तर आतून, शिपायाचं बाहेरून, एवढाच फरक. मग निळा, पातळ करून, एकावर एक दोन हात. मग काळपट पाणी सोडायचं, ते कोटाच्या घड्यांत आपोआप उतरतं आणि घडी घडीसारखी दिसते. घडी पाडायला आम्ही तापलेली इस्त्री घेऊन घाम गाळायचो.

हात कापतो. कोपर टेबलाला टेकवायचं आणि श्वास सोडताना रेघ ओढायची, हे त्यानं सांगितलं. घड्याळाचे काटे तो असेच बसवायचा.

बाटल्यांच्या गळ्यांना त्यानं दोरे बांधलेत. निळ्याला एक गाठ, तांबड्याला दोन. कशाला विचारलं तर म्हणे सवय. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

२६ ऑगस्ट
ब्रश पाण्याऐवजी चहात बुडवला आणि पाण्याचा घोट घेतला. त्याला सांगितलं तर आनंदानं टाळी वाजवली. "आता तुम्ही आमच्यातल्या झालात. हे झाल्याशिवाय कुणी खरा रंगारी होत नाही."
तोंडाला अजून निळी चव आहे.

२ सप्टेंबर
रस्त्यात घड्याळवाला समोरून आला. मी मान हलवली. सरळ पुढे निघून गेला. काल माझ्याच हातचा शिपाई उचलून "वा वहिनी" म्हणत होता. चार लोकांत ओळख दाखवायची लाज वाटत असेल. असो. मलाही पुष्कळ कामं असतात.

३ सप्टेंबर
कामं नव्हती. खाली गेले. रस्त्यातलं मी काढलं नाही, त्यानंही काढलं नाही.

शिपायांचे डोळे जमत नाहीत. हात ओढला जातो, त्यामुळे सगळे डावीकडेच बघतात. त्याला दाखवलं. त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "डोळे राहू द्या वहिनी. लांबून कुणाला दिसतात?" चला, एक काम वाचलं.

मग सरावाला त्याच्या जुन्या शिपायांचा छोटा डाव मांडला. चाल टेपनं मोजायची. माझी शिंप्याची टेप मी गळ्यात घालूनच गेले होते. फासे मात्र तो माझ्याकडूनच वाचून घेतो. "किती पडले?" म्हणतो. स्वतःचे फासेसुद्धा मलाच वाचायला लावतो. माझी सचोटी तपासतो की काय कोण जाणे. मी मुद्दाम मोठ्यानं वाचते.

१५ सप्टेंबर
लेकीचा फोन. म्हणाली, "आई, आवाज बरा वाटतोय तुझा."
मी म्हटलं, फोन सुधारला असेल.

२८ सप्टेंबर
संपलं. सगळी पलटण निळी झाली, पितळी बटणांसकट. ही इतकी बटणं मी एकटीनं लावली आणि सुई लागली नाही. टेबलावर मांडून बघितली. माझ्या हातचं काही इतक्या जणांच्या अंगावर एकदम कधी बघितलं नव्हतं. कोट तयार झाला की गिऱ्हाईक घेऊन जायचं.

आता वॉर्निश मारायचं, म्हणजे हाताळून रंग जात नाही. रविवारी घड्याळवाल्याला दाखवायची आणि मग डाव.

२९ सप्टेंबर
हवा ओली आहे, कपडे वाळेनात. तरी मारलं वॉर्निश. थांबवेना.

३० सप्टेंबर
सत्यानाश. सकाळी बघते तर सगळी पलटण पांढरी. बुरशी आल्यासारखी. निळा नाही, पितळ नाही, ढोलवाल्याचं तोंड पिठात बुडवल्यासारखं. फडक्यानं पुसलं, जात नाही. पाण्यानं धुतलं, जात नाही.

दीड महिना. या हाताचा.

रडले नाही. रडून वॉर्निश निघत नाही.

१ ऑक्टोबर, रविवार
घेऊन गेले तशीच. म्हटलं, त्याला उपाय माहीत असेल, असली घाण त्याच्याही हातून कधी झाली असेल. बस-चालक आणि कारकून बसलेले होते. खोकं उघडून टेबलावर ठेवलं. बोलायला तोंड उघडणार, तोच त्यानं एक शिपाई उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वा! काय निळा उतरलाय वहिनी. सकाळचं आभाळच. बघा रे, नजर ठरत नाही!"

कारकुनानं बस-चालकाकडे बघितलं. बस-चालकानं खाली बघितलं. हसू दाबत होते दोघं.

मी म्हटलं, "बाईमाणूस बघून चेष्टा करता? तुमच्या खेळण्यांवाचून माझं काही अडलेलं नाही. तुमचं तांबडं पायदळ तुम्हालाच लखलाभ." खोकं उचलून वर आले. जिन्यात एक घोडेस्वार पडला, तोही उचलायला थांबले नाही.

मागून "वहिनी, काय झालं?" असं चालू होतं. साळसूद.

६ ऑक्टोबर
काही झालं नाही.

१० ऑक्टोबर
हाताची बाई म्हणाली, हात मागे का गेला? मी म्हटलं, हात आहे तो, मागेपुढे व्हायचाच.

१४ ऑक्टोबर
घोडेस्वार दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेला सापडला. कागदात गुंडाळून. घोड्याचा पाय चिकटवलेला, पण उलटा. घड्याळाचे पेच बसवणारा माणूस, आणि पाय उलटा? अजून चेष्टा संपली नाही याची.

१७ ऑक्टोबर
हाताला तेल चोळून झाल्यावर ते खोकं फेकून द्यायला म्हणून उचललं. ढोलवाला हातात आला. तेलकट बोट फिरलं तिथला कोट निळा झाला. आधी वाटलं डोळे फिरले. अजून फिरवलं. पितळी बटण वर आलं.

दुपारभर बसून एकेकाला तेलाचं बोट लावलं. सगळे परत आले. तोंडं, पट्टे, सगळं. डावीकडे बघत बसलेत मेले.

कुणाला तरी सांगायला हवं होतं. लेकीला फोन लावला, ती गडबडीत होती. तसं महत्त्वाचं काही नव्हतंच.

१९ ऑक्टोबर
आज झालं ते नीट लिहिते.

दुपारी वाऱ्यासाठी दार उघडं टाकून आत खुर्चीत बसले होते. जिन्यावर पावलं वाजली. घड्याळवाला. भिंतीला हात लावत वर आला. आमच्या मजल्यावर दोन दारं, समोरासमोर. समोरची मंडळी कामावर जातात, त्यांच्या दाराला कुलूप असतं. हा माझ्याकडे पाठ करून त्या दारापुढे उभा राहिला आणि टकटक केली.

मी म्हटलं, नवं सोंग. बघू तरी.

"वहिनी," तो त्या कुलपाला म्हणाला. "दार उघडू नका हवं तर. पण काय चुकलं ते सांगा. पलटणीत काही झालं होतं का? माझा... चष्म्याचा नंबर बदललाय जरा, नीट बघितलं नसेल मी." थांबला. कान दाराला लावला. "या महिन्याच्या शेवटी मुलगा न्यायला येतोय. आता तिकडेच राहायचं म्हणतोय. त्याआधी आपला डाव व्हावा असं वाटत होतं. एवढंच."

कुलूप त्याच्या छातीच्या उंचीवर लोंबत होतं. हाताएवढं कुलूप.

मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. तो वळला. माझ्या उघड्या दाराकडे, सरळ माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. चारचौघात माणूस असं पुसत नाही. मग कठडा चाचपून खाली गेला.

चहात बोट. बत्ती नाही. दोऱ्याच्या गाठी. मी म्हणे जन्मभर काजं केली. एवढं मोठं भोक दिसलं नाही.

२० ऑक्टोबर
खाली गेले. खुर्चीत बसला होता.

"कोण? वहिनी?"
"हो. वॉर्निश ओल्या हवेत मारलं होतं. सगळी पलटण चुन्यासारखी पांढरी पडली होती. आणि तुम्ही निळी म्हणालात."
त्यानं खुर्चीचा हात चाचपला. मग म्हणाला, "अस्सं."
"कधीपासून?"
"दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं."
"मला सांगायला काय झालं होतं?"
"सांगितलं असतं तर रंगवलं असतं तुम्ही? आंधळ्याला दाखवायला कोण कोटाची बटणं रंगवत बसतं?"
खरं होतं. म्हणून राग आला.
"त्या दोघांना माहीत आहे?"
"आहे. पण त्यांना माहीत आहे हे मला माहीत नाही, असं त्यांना वाटतं. दर रविवारी मला जिंकवून घरी जातात." त्यानं तोंड वाकडं केलं. "वहिनी, जिंकून जिंकून जीव नकोसा झालाय."
"माझ्याशी खेळताना ती चिंता करू नका," मी म्हटलं.

२३ ऑक्टोबर
तयारीला लागले. प्रत्येक शिपाई एका चकतीवर उभा असतो. त्याच्या तांबड्यांच्या चकतीला कडेनं सुती दोरा चिकटवला, माझ्या निळ्यांना रेशमी. भालेवाल्यांना मागे एक गाठ, तोफेला मणी. बोट लावलं की कोण कुणाचा ते कळतं. सुईत दोरा ओवावा लागला नाही, पण सवय म्हणून एकदा ओवून बघितला. गेला.

फाशांचे ठिपके टोचून खोल केले. आता आपले आपण वाचू दे.

२७ ऑक्टोबर
डाव मांडला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत झाला आणि अर्धाच झाला. तो टेबलावर दोन्ही हात ठेवून असा बसतो, जसा काही अंथरुणातली सुरकुती शोधतोय. शिपायाला धक्का न लावता बोटं फिरतात. मी एकदा पूल अडवला तर पलीकडून, जिथं काही नाही म्हणून मी बघितलंसुद्धा नव्हतं, तिथून घोडेस्वार आणले.

"दिसत नाही म्हणता आणि टेकडीमागून येता?"
"टेकडीमागचं कुणालाच दिसत नाही वहिनी. आपण बरोबरीत आहोत."

किती वेळ बोलत होतो कोण जाणे. घसा बसलाय.

२८ ऑक्टोबर
त्याचा मुलगा आला. सांगितलेल्या दिवसाच्या आधीच. त्याला सुट्टी तशीच मिळाली म्हणे. चांगला आहे. बापाच्या औषधांची पिशवी आधी भरली, मग कपडे. टेबलाकडे बघून म्हणाला, "बाबा, हे आता राहू दे इथंच."

डाव अर्धाच होता. घड्याळवाला टेबलाच्या कडेला हात ठेवून उभा राहिला. "वहिनी, कोण जिंकत होतं?"

मुलानं बापाच्या खांद्यामागून मला खूण केली, तेच जिंकत होते म्हणा म्हणून. भलं पोरगं. मी म्हटलं, "मी. तुमची डावी बाजू उघडी पडली होती, आणखी दोन चालींत तोफ गेली असती."

मुलाचं तोंड उतरलं. म्हातारा मात्र इतका हसला की त्याला बसावं लागलं. "ऐकलंस? तोफ गेली असती माझी!" गाडीत बसेपर्यंत तेच चाललं होतं.

बस-चालकानं आणि कारकुनानं टेबल उचलून माझ्या खोलीत आणून दिलं. पलंग भिंतीला लावावा लागला. कुणी कुठं उभं होतं ते मी आधी टेपनं मोजून घेतलं होतं, तसंच्या तसं मांडलं.

२ नोव्हेंबर
काही झालं नाही.

५ नोव्हेंबर
हाताची बाई येऊन गेली. टेबल बघून म्हणाली, "आजी, हे काय?" सांगितलं. म्हणाली, आता माझी गरज नाही तुम्हाला, हात झाला बरा. पुढच्या आठवड्यापासून येणार नाही. बरंच झालं. बडबड फार करायची.

९ नोव्हेंबर
लेक आली होती. टेबलामुळे खोलीत वळता येत नाही म्हणाली. "हे काढून टाक आणि चल माझ्याकडे."
"डाव अर्धा आहे," मी म्हटलं.
"कुणाशी?"
काय सांगणार. चहा केला तिला.

१२ नोव्हेंबर
फोन वाजला. लेक असेल म्हणून उचलला.

"वहिनी, टेबल हललं तर नाही ना? माझे भालेवाले कुठं आहेत?"
"ओढ्याच्या काठाला. झोपा काढतायत."
"त्यांना एक वीत पुढे घ्या. टेपनं मोजा, अंदाजपंचे नको. आणि माझे फासे तुम्ही टाका."

टाकले. पडले ते बघितलं. माझी तोफ गेली. चांगली, पितळी तोंडाची, जिच्या चाकांच्या आऱ्या रंगवायला माझा आठवडा गेला होता. तो तिकडे लांब, कुठल्याशा शहरात, कान लावून बसला होता. "किती पडले?" मी दुसरं काही सांगितलं असतं तर कोण येणार होतं बघायला.

"तोफ गेली माझी," मी म्हटलं, आणि उचलून खोक्यात ठेवली.

तो ओरडलाच. मागून सुनेचा आवाज आला, "बाबा, काय झालं, पडलात का?" "तोफ पाडली!" तो तिला म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी, आता उन्हं कुठवर आलीत टेबलावर?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तरी सांगितलं. उन्हं पुलावर आहेत, झाडांची सावली ओढ्यात पडलीय, तुमचे घोडे अजून टेकडीमागे आहेत, ढोलवाल्याच्या टोपीचा रंग उडालाय तो उद्या लावीन. एवढं मी सलग कधी बोलले नसेन. पुढची चाल माझी. विचार करून ठेवा म्हणाला, आणि फोन ठेवला.

खोली फार गप्प झाली. त्याच्या बाजूला एक रिकामी खुर्ची ठेवलीय मी, तिच्यावर जाऊन बसले. त्या बाजूनं टेबल कधी बघितलंच नव्हतं. तिकडून माझं सैन्य अगदीच थोडं दिसतं, आणि मधून फाटलेलं. एक जोराची मुसंडी मारली तर सगळं संपेल.

हे त्याला अजून कळलेलं नाही. मी सांगणारही नाही.